पक्षाघाताचा मृत्यू कागदावर येईपर्यंत

सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरच्या तामलवाडीत एखाद्या ज्येष्ठाला पहाटे अर्धांगवायूचा झटका आला, तर गाडी बहुधा सोलापूरच्या दिशेने निघते. जिल्हा धाराशिव असला तरी मोठी रुग्णालये तिकडे जवळ पडतात. तिथे मृत्यू झाला तर नोंदही सोलापुरातच होते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार ज्या ठिकाणी मृत्यू, त्या ठिकाणी नोंद. ‘आता घरीच सेवा करा’ असे सांगून रुग्णाला परत पाठवले आणि महिनाभराने अंथरुणावर त्याचा अंत झाला, तर नोंद ग्रामपंचायतीत. आजार एकच असतो, पण या दोन कागदांवर मृत्यूचे कारण एकच येईल याची खात्री नाही.

रुग्णालयात डॉक्टरांनी भरायचा कागद म्हणजे ‘नमुना ४’. त्यात कारणांची साखळी लिहायची असते. सर्वांत वर थेट मृत्यूला नेणारी स्थिती, त्याखाली ती कशामुळे उद्भवली, आणि तळाशी मूळ कारण. वर ‘फुप्फुसाचा संसर्ग’, खाली ‘मेंदूतील रक्तस्राव’, त्याखाली ‘उच्च रक्तदाब’ असे लिहिले, तर आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या नियमांप्रमाणे हा मृत्यू मेंदूतील रक्तस्रावाच्या खात्यात जमा होतो. फक्त वरचीच ओळ भरली, तर तो न्यूमोनियाचा बळी ठरतो. आणि ‘हृदयक्रिया व श्वसन बंद पडले’ एवढेच लिहून सही केली, तर काहीच कळत नाही. हृदय प्रत्येक मरणाऱ्याचे थांबते! मृत्यू कसा आला ते न लिहिता कशामुळे आला ते लिहावे, ही सूचना खुद्द नमुन्यावर छापलेली असते. तरीही ही चूक सर्रास होते.

पक्षाघाताच्या बाबतीत आणखी अडचणी आहेत. गुठळी अडकली की रक्तवाहिनी फुटली, हे सीटी स्कॅनशिवाय खात्रीने सांगता येत नाही. स्कॅन झाला नसेल तर ‘प्रकार अनिश्चित’ असा सांकेतिक क्रमांक मिळतो. नुसते ‘मेंदूत रक्तस्राव’ लिहिले, तर तो रक्तदाबाने झाला की दुचाकीवरून पडून, हा प्रश्न उरतो. ही केवळ आकडेवारीची बाब नाही. शेतकऱ्यांच्या अपघात सानुग्रह अनुदानात नैसर्गिक मृत्यूला मदत मिळत नाही. झटका आल्यामुळे शेतकरी बांधावरून पडला की पडल्यामुळे रक्तस्राव झाला, याचे उत्तर घरच्यांना कागदांवरूनच द्यावे लागते.

घरी झालेल्या मृत्यूची गोष्ट निराळीच. गावपातळीवर नोंद घेणारा कर्मचारी डॉक्टर नसतो. नातेवाईक सांगतील ते लिहिले जाते, आणि नातेवाईक बहुतेकदा ‘वृद्धापकाळ’ किंवा ‘अल्पशा आजाराने’ म्हणतात. २०२० मध्ये देशात नोंदल्या गेलेल्या सुमारे ८१ लाख मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंच्या कारणाला वैद्यकीय प्रमाणपत्र होते. बाकीच्यांचे कारण डॉक्टरने प्रमाणित केलेलेच नाही.

या अंधारात काय दडलेले असू शकते, हे गडचिरोलीत दिसले. ‘सर्च’ संस्थेतील मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतील मृत्यूंचा दोन वर्षे मागोवा घेतला. घरोघरी जाऊन, मृत्यूपूर्वीची लक्षणे नातेवाइकांना विचारून कारण ठरवण्याची ही पद्धत. १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के, पक्षाघाताचे निघाले. कोणत्याही एका कारणाने एवढे लोक दगावले नव्हते. यातील ८७ टक्के मृत्यू घरी झाले होते. रुग्णालयांचे कागद कितीही काटेकोर भरले असते, तरी यातले बहुतेक जण त्यांत सापडले नसते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाआधी आदिवासी, ग्रामीण भागातला पहिल्या क्रमांकाचा मारेकरी पक्षाघात असेल, असे फारसे कुणाला वाटत नव्हते. आकडा नसला की मागणीही नसते. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाच्या गोळ्या किती हव्यात, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत मिळेल अशी सोय कुठे हवी, हे ठरवायला हाती काही उरत नाही. तामलवाडीचा रुग्ण सोलापुरात दगावला आणि मोजणी केवळ मृत्यूच्या ठिकाणावरून केली, तर धाराशिवचा भार आणखी हलका दिसतो.

कायद्यात अलीकडे एक बदल झाला आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार प्रत्येक रुग्णालयाने मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र निबंधकाला विनाशुल्क द्यायचे आहे आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकालाही. घरी मृत्यू झाला, पण शेवटच्या आजारात डॉक्टरांचे उपचार चालू होते, तर त्या डॉक्टरांनीही ते विनाशुल्क द्यायचे आहे. वारस नोंदीसाठी आपण जो दाखला काढतो त्यावर मृत्यूचे कारण नसते, त्यामुळे आजवर बहुतेक घरांना ते कधी वाचायलाच मिळाले नाही. प्रत हाती आल्यावर तळाची ओळ पाहावी. तिथे मूळ आजार नसेल, तर सही करणाऱ्या डॉक्टरांना लगेच विचारावे. घरी मृत्यू झाला असेल, तर २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करायला जाताना जुने स्कॅन आणि डिस्चार्ज कार्ड सोबत न्यावे.