लेकराची पाठ एकदा वाकवून बघा



संत्र्याचे कलम लावले की आपण त्याच्या शेजारी लगेच काठी रोवतो आणि सुतळीने सैलसर बांधतो. खोड कोवळे आहे तोवर एवढ्यावर काम भागते. झाड सात-आठ वर्षांचे झाले आणि खोड तिरपे राहिले, तर मग दोरखंड बांधूनही उपयोग नसतो. मंगरूळपीर-रिसोडकडच्या बागायतदारांना हे मी वेगळे काय सांगावे!

निकोलस आंद्री नावाच्या फ्रेंच डॉक्टराने १७४१ साली लहान मुलांची वाकडी हाडे कशी सावरावीत यावर एक पुस्तक लिहिले. त्यात वाकड्या खोडाचे एक झाड सरळ काठीला दोरीने बांधलेले दाखवले होते. पुढे तेच चित्र जगभरच्या हाडांच्या डॉक्टरांचे बोधचिन्ह झाले. मी शेतीखात्यातला माणूस, डॉक्टर नव्हे. पण त्या चित्रातली गोष्ट आपल्या ओळखीची आहे, म्हणून आज पिकाऐवजी लेकरांच्या पाठीबद्दल लिहितो.

हा आजार आहे तरी काय?

पाठीचा कणा मागून पाहिला तर तिफणीच्या तासासारखा सरळ दिसायला हवा. काही मुलांत वाढीच्या वयात तो डाव्या किंवा उजव्या अंगाला वळतो. नुसता वळत नाही, दोरीला पीळ बसावा तसा मणक्यांना पीळही बसतो. त्यामुळे एका बाजूच्या बरगड्या मागे उचलल्या जातात. याला डॉक्टर स्कोलिओसिस म्हणतात. आपल्याकडे 'खांदा पडला', 'पाठीला बाक आला' असे म्हणतात.

शंभर मुलांमागे दोन-तीन मुलांत असा थोडाफार वाक सापडतो. त्यातल्या बहुतेकांना काहीच उपचार लागत नाहीत. पण काहींचा वाक वाढत जातो, आणि त्यात मुलींची संख्या मुलांपेक्षा बरीच जास्त असते. दहा ते पंधरा हे वय सर्वांत नाजूक, कारण याच काळात उंची झपाट्याने वाढते. उंचीबरोबर वाकही वाढतो.

बहुतेक मुलांत याचे नेमके कारण सापडत नाही. काही घराण्यांत तो एकापेक्षा जास्त जणांना असतो. पण जड दप्तराने, डोक्यावर घागर वाहिल्याने किंवा धाकट्या भावंडाला कडेवर घेतल्याने हा आजार होत नाही. आईने गरोदरपणी ग्रहणात भाजी चिरली म्हणूनही होत नाही. तेव्हा घरात कुणाला दोष देऊ नका.

तपासणी घरच्या घरी

यासाठी यंत्र लागत नाही. विल्यम अ‍ॅडम्स या इंग्रज डॉक्टराने १८६५ साली सांगितलेली रीत आजही जगभर वापरतात. मुलाची पाठ उघडी करून त्याला उजेडात, तुमच्याकडे पाठ करून उभे करा. मुलगी असेल तर आईने, मावशीने किंवा आजीने बघावे. पाय जुळलेले, गुडघे ताठ. आधी सरळ उभे असताना पाहा: दोन्ही खांदे एका पातळीत आहेत का? एका बाजूचे फावडे वर आले आहे का? कमरेची खळी दोन्हीकडे सारखी आहे का? परकराची किंवा फ्रॉकची कड एका बाजूला वर जाते का?

मग दोन्ही तळहात जुळवून, हात खाली सोडून त्याला पुढे वाकायला सांगा. तुम्ही मागे बसा आणि धुऱ्यावर बसून वावराची पातळी बघावी तशी पाठ बघा. एका अंगाला उंचवटा दिसला तर तेवढे पुरे. त्यापुढचे काम डॉक्टरांचे. दर सहा महिन्यांनी, म्हणजे एकदा पेरणीआधी आणि एकदा दिवाळीला, हे करावे. एका मुलाला पाच मिनिटेही लागत नाहीत.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली आपल्याच राज्यात पालघरला झाली. त्याचे पथक तपासणीसाठी शाळेत येते. त्या दिवशी पथकातल्या डॉक्टरांना 'मुलाला वाकवून पाठही बघा' असे आवर्जून सांगा.

काही खुणा दिसल्या तर मात्र एक दिवसही थांबू नये. रात्री झोपमोड करणारे पाठीचे दुखणे, पायांतली ताकद कमी होणे, लघवीवर ताबा न राहणे, ताप येऊन वजन घटणे, किंवा दहा वर्षांच्या आतल्या मुलात वाक दिसणे, या त्या खुणा. मणक्याच्या क्षयरोगानेही पाठीला बाक येतो. त्याचे उपचार वेगळे असतात आणि ते लवकर सुरू व्हावे लागतात.

वाक मोजतात कसा?

उभ्याने पाठीचा एक्स-रे काढतात आणि वाकाचा कोन अंशांत मोजतात. दहा अंशांच्या आत असेल तर त्याला आजार म्हणत नाहीत. दहा ते पंचवीस असेल तर दर चार-सहा महिन्यांनी लक्ष ठेवतात. साधारण पंचवीस ते चाळीस अंश असेल आणि मुलाची वाढ बाकी असेल तर ब्रेस देतात. पंचेचाळीस-पन्नासच्या पुढे गेला की शस्त्रक्रियेचा विचार होतो. पन्नास अंशांच्या पुढचा वाक वाढ थांबल्यावरही हळूहळू वाढत राहू शकतो आणि फार मोठा झाला तर श्वासाला त्रास देतो. म्हणून सगळी धडपड आहे ती पन्नासच्या अलीकडे थांबण्याची.

ब्रेस म्हणजे या रोपाची काठी

ब्रेस म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारा कमरेचा पट्टा नव्हे. पाठ ताठ ठेवायचे जे तयार पट्टे विकतात, तेही नव्हेत. हे कडक प्लॅस्टिकचे कवच मुलाच्या अंगाचे माप घेऊन त्याच्यापुरतेच बनवतात. जिथे उंचवटा आहे तिथे आतून दाब देतात आणि समोरच्या बाजूला अंगाला सरकायला जागा ठेवतात.

याचा उपयोग होतो का, हे अमेरिका आणि कॅनडातल्या पंचवीस रुग्णालयांनी मिळून तपासले. २०१३ साली निकाल आला. ब्रेस वापरणाऱ्या शंभरांपैकी बहात्तर मुलांचा वाक वाढ संपेपर्यंत पन्नास अंशांच्या आत राहिला. न वापरणाऱ्यांत हे प्रमाण शंभरात अठ्ठेचाळीस होते. म्हणजे काहींचे ब्रेसविनाही निभावते, हे खरे. पण आपले लेकरू त्यातले आहे का, हे आधी नक्की सांगता येत नाही.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची आहे. दिवसाला सरासरी तेरा तासांच्या वर ब्रेस घालणाऱ्या शंभरांपैकी नव्वदांहून जास्त मुले शस्त्रक्रियेच्या हद्दीबाहेर राहिली. सहा तासांपेक्षा कमी घालणाऱ्यांत आणि ब्रेस नसलेल्यांत फारसा फरकच दिसला नाही. अर्धवट फवारणीने पैसा जातो आणि कीडही राहते, तसेच हे.

डॉक्टर बहुधा दिवसाचे अठरा तास सांगतात. ऐकून घाबरू नका, हिशेब करून बघा. रात्री नऊ ते सकाळी सहा, नऊ तास. शाळेचे सात. संध्याकाळच्या अभ्यासाचे दोन. झाले अठरा! आंघोळ, खेळ आणि घरकाम मोकळ्या अंगाने. आपल्याकडचा वैशाख कठीण असतो, तेव्हा दुपारच्या उन्हातले तास कमी करून ते रात्री-सकाळी कसे भरून काढायचे, हे डॉक्टरांनाच विचारून घ्या. आत सुती, शिवण नसलेला बनियन घालावा आणि घामाने भिजला की बदलावा. ब्रेसखाली तेल किंवा मलम लावू नये, कातडी मऊ पडून सोलते. ब्रेस काढल्यावर दिसणारा लालसर वण अर्ध्या तासात गेला पाहिजे. राहिला तर ब्रेस बनवणाऱ्याकडे जाऊन तो नीट करून घ्यावा. मूल वाढले की ब्रेसही बदलावा लागतो.

एक गोष्ट मनाशी पक्की ठेवा. ब्रेसचे काम वाक थांबवण्याचे आहे. पाठ अगदी सरळ करून देतो असे सांगणारा फसवतो आहे असे समजा. पाठ चोळून, झटका देऊन किंवा मणका बसवून हा वाक जात नाही. त्यात जातो तो वेळ, आणि इथे वेळ हेच भांडवल आहे.

व्यायाम आणि ते शिकवणारे

कॅथरिना श्रॉथ या जर्मन बाईंना लहानपणापासून हाच आजार होता. एका बाजूने दबलेला चेंडू आतल्या हवेने फुगतो हे पाहून त्यांनी पाठीच्या दबलेल्या बाजूत श्वास भरण्याचे व्यायाम बसवले आणि १९२१ साली माइसेन गावी उपचार सुरू केले. त्यांच्या नावाची पद्धत आज अनेक देशांत चालते. ब्रेसला या व्यायामांची चांगली जोड होते. पण प्रत्येकाचा वाक वेगळा असल्याने व्यायामही वेगळे. मोबाइलवर बघून ते करू नयेत. फिजिओथेरपीची पदवी घेतल्यावर यासाठी वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. म्हणून तज्ज्ञाला बेधडक विचारा, 'आपण स्कोलिओसिसच्या व्यायामांचे शिक्षण घेतले आहे का?' जाणकार माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही.

ब्रेस बनवणाऱ्या तज्ज्ञाला ऑर्थोटिस्ट म्हणतात. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. तो नोंदणी क्रमांक विचारून घ्या. आपल्या राज्यात या शिक्षणाची परंपरा जुनी आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५३ साली फिजिओथेरपीची शाळा निघाली, ती देशातली पहिली. हाजी अली इथली पुनर्वसनाची केंद्रीय संस्था १९५५ सालची. तिथे कृत्रिम अवयव आणि ब्रेस बनवण्याचा पदवी अभ्यासक्रम चालतो. बारावी विज्ञान झालेल्या मुलामुलींना ही वाट खुली आहे. आपल्या गावची एखादी मुलगी ऑर्थोटिस्ट होऊन जिल्ह्यात परतली, तर किती लेकरांची मुंबई-नागपूरची खेप वाचेल!

वाशीमच्या लोकांनी सुरुवात जिल्हा रुग्णालयापासून करावी. २०२४ साली वाशीमलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. अकोला आणि नागपूर इथे ती आधीपासून आहेत. तिथे अस्थिरोग विभागात विचारावे.

लपवू नका

मालेगाव तालुक्यात सोयाबीनच्या सभेनंतर एका बापाने मला बाजूला घेतले. "साहेब, पोरीचा एक खांदा पडल्यासारखा दिसते. लग्नाच्या टायमापर्यंत ठीक होईन का?" पोरगी तेरा वर्षांची. डॉक्टरांना दाखवले का, असे विचारले तर म्हणाले, "गावात समजलं तर लोकं काय म्हणतीन?" मी म्हटले, "भाऊ, पऱ्हाटीवर अळी आली तर लोक काय म्हणतील म्हणून फवारणी पुढे ढकलता का?"

मुलीच्या बाबतीत ही भीती सगळ्याच गावांत आहे, आणि ती खोटी नाही. पण तिचे गणित उलटे आहे. आज ओढणीखाली झाकलेला वीस-पंचवीस अंशांचा वाक लग्नाच्या वयापर्यंत पन्नासच्या पुढे गेला, तर तो कशानेही झाकत नाही. कपड्यांच्या आतला ब्रेस साधारण वाढ संपेपर्यंत घालायचा असतो. मुलीला पाळी सुरू झाल्यावर साधारण दोन वर्षांत बहुतेक वाढ संपते. थांबायचे केव्हा हे डॉक्टर एक्स-रे पाहून ठरवतात. असा वाक असलेल्या बहुतेक मुली पुढे संसार करतात, त्यांना मुले होतात, त्या वावरातही राबतात. ब्रेस घालणाऱ्या मुलीला घरात टोमणा मात्र मारू नका. अठरा तास तो तिलाच सोसायचा आहे.

वाफसा गेला की पेरणी साधत नाही. लेकराच्या पाठीचा वाफसा दहा ते पंधरा या वयात असतो आणि तो एकदाच येतो. हा अंक वाचून झाला की लेकरांना अंगणात बोलवा, आणि पाठ बघा.