लूर्दचा जमाखर्च

लूर्दची यात्रा करून परतलेल्या माणसास आपल्याकडे जो तो एकच प्रश्न विचारतो : "मग, गुण आला का ?" हा प्रश्न श्रद्धाळू शेजारीण विचारते आणि विज्ञाननिष्ठ म्हणविणारा प्राध्यापकहि विचारतो. एकीच्या स्वरांत आशा असते व दुसऱ्याच्या स्वरांत उपहास, एवढाच काय तो फरक ! यात्रा ही औषधाची बाटली आहे आणि तिचें मोल रोग्याच्या नाडीवरून ठरावयाचें, हें गृहीत धरण्यांत दोघांचेंहि एकमत असतें. माझें भांडण या गृहीताशीं आहे.

प्राध्यापकांचा हिशेब प्रथम पाहूं. १८५८ पासून कोट्यवधि लोक त्या गुहेपाशीं गेले, आणि ख्रिस्तसभेनें चमत्कार म्हणून मान्य केलेलीं रोगनिवारणें सत्तरांहून थोडींच अधिक. तेव्हां हा सौदा बुडीत, असें ते म्हणतात. आंकडा खरा आहे. सत्तरावें प्रकरण २०१८ सालीं मान्य झालें. परंतु पाद्री लोक भोळ्या जनतेस हवे तितके चमत्कार पुरवितात, हा जो यांचा दुसरा आवडता आरोप, त्याचा गळा हाच आंकडा घोटतो, हें त्यांच्या ध्यानीं येत नाहीं. सात हजारांहून अधिक लोकांनीं बरे झाल्याचें तेथें नोंदविलें आहे. त्यांतून शंभरांत एकहि धड मान्य होत नाहीं, ही काय भोळेपणाची खूण झाली ? १८८३ पासून तेथें वैद्यकीय कचेरी आहे, आणि डॉक्टर कोणत्या धर्माचा आहे हें विचारून तिचें दार उघडत नाहीं. १९०२ सालीं अलेक्सी कॅरेल हा फ्रेंच वैद्य तेथें गेला. पुढें १९१२ सालीं त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. मरणोन्मुख वाटणारी एक क्षयरोगी तरुणी आपल्या डोळ्यांदेखत सुधारली, असें त्यानें लिहून ठेविलें. पण ती हकीकत ख्रिस्तसभेच्या यादींत आलीच नाहीं. उलट कादंबरीकार झोला याचें पाहा. १८९२ सालीं तो लूर्द पाहून आला व १८९४ सालीं त्यानें त्यावर कादंबरी प्रसिद्ध केली. जिच्यावरून त्यानें आपलें एक पात्र रचिलें ती क्षयी स्त्री प्रत्यक्षांत बरी होऊन जगत होती. कादंबरींत मात्र परतीच्या वाटेवर तिचा रोग उलटतो. पुरावा वांकविण्याचें पाप धार्मिकांच्याच माथीं मारणाऱ्यांनीं हें एवढें स्मरणांत ठेवावें.

तथापि प्राध्यापकांपेक्षां मला अधिक राग येतो तो माझ्याच धर्मबांधवांचा. माझी थोरली बहीण गेलीं नऊ वर्षें चाकांच्या खुर्चींत आहे. तिला घेऊन मी लूर्दला गेलों, आणि त्याच खुर्चींतून तिला घेऊन वसईस परत आलों. आल्यावर आठवडा लोटला नाहीं तोंच, देवळांतून निघतांना एका सद्गृहस्थांनीं हळहळून म्हटलें, "श्रद्धा कोठें तरी कमी पडली असेल." हें वाक्य ते सहानुभूति म्हणून बोलले ! पंगु माणसावर पंगुत्वाच्या जोडीला पापाचाहि बोजा लादणारी ही कसली सहानुभूति ?

या गृहस्थांचें तर्कशास्त्र खरें मानावयाचें, तर सर्वांत अश्रद्ध ठरेल ती स्वतः बर्नाडेट सुबिरू. दिवाळें निघालेल्या गिरणीवाल्याची ही चौदा वर्षांची मुलगी. सारें कुटुंब जुन्या तुरुंगाच्या एका कुबट खोलींत राहत होतें. ११ फेब्रुवारी १८५८ रोजीं ती सरपण वेंचावयास गेली, आणि मासाबिएलच्या कड्यापाशीं तिला पहिलें दर्शन झालें. पुढें जुलईपर्यंत एकंदर अठरा वेळां झालें. त्यांत तिला आरोग्याचें वचन मिळालें नाहीं. या लोकीं नव्हे तर परलोकीं सुखी करीन, असेंच आपणांस सांगण्यांत आलें, असें ती म्हणे. जो झरा जगास ठाऊक झाला, तो तिनें हातांनीं चिखल उकरला तेव्हां प्रकट झाला. तें गढूळ पाणी तोंडास लावतांना पाहून जमलेल्या लोकांनीं तिला वेडी ठरविलें. तिचा दमा लहानपणापासूनचा. पुढें क्षयहि जडला. १८६६ सालीं ती नेव्हेरच्या मठांत गेली ती लूर्दला पुन्हा कधींच आली नाहीं. १८७६ सालीं गुहेवरील भव्य मंदिराचा अभिषेक झाला, तेव्हांहि नाहीं. १८७९ सालीं, वयाच्या पस्तिसाव्या वर्षीं, हाडांत भिनलेल्या क्षयाच्या यातना सोसून ती वारली. १९३३ सालीं ख्रिस्तसभेनें तिला संतपद दिलें. तेव्हां, सद्गृहस्थ, श्रद्धा कोणाची कमी पडली ?

मग लूर्दला मिळालें तरी काय, असें कोणी विचारील. तेथें रोगी पुढें असतात व धडधाकट मागें. येथें आगगाडीच्या पायरीशीं, कचेरीच्या जिन्याशीं, लग्नाच्या मांडवांत, माझी बहीण सदैव शेवटची. तिच्यासाठीं इतरांनीं थांबावयाचें व तिनें ओशाळावयाचें. तेथें तिची खुर्ची येतांच गर्दी दुभंगे. रात्रीं मेणबत्त्यांची मिरवणूक निघाली, तेव्हां खुर्ची ओढणारा तरुण तिच्या भाषेचा एक शब्दहि जाणत नव्हता. ती मराठींत प्रणाम मरिये म्हणत होती व तो आपल्या भाषेंत. पंढरीच्या वारकऱ्यास कोणी गुण आला का म्हणून विचारीत नाहीं. तो भेटीस गेला होता हें सर्वांस कळतें. हीच समजूत आम्हांस दाखविण्यास काय अडचण आहे, तें मला उमगत नाहीं.

गुहेबाहेरच्या बाजाराविषयीं फार लिहीत नाहीं. मरियामातेच्या आकाराच्या, निळा मुकुट फिरवून उघडावयाच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या तेथें ढिगांनीं मिळतात. वांद्र्याच्या जत्रेंत मेणाचे हातपाय पाहिलेल्यास त्यांचा धक्का बसूं नये. परंतु यात्रा घडवून आणणाऱ्या आपल्याकडील धंदेवाल्यांना मात्र सोडवत नाहीं. रोम, फातिमा व लूर्द अकरा दिवसांत उरकून देणाऱ्या त्यांच्या जाहिराती मीं पाहिल्या. लूर्दच्या वांट्यास एक संध्याकाळ. आणि तिच्याखालीं ठळक अक्षरांत, 'नवसास पावणारी माता'. नेव्हेरच्या मठांत बर्नाडेटचा देह ठेविलेला आहे, आणि तो कोणासहि पाहतां येतो. त्या जाहिरातींपैकीं एकींतहि नेव्हेरचें नांव नव्हतें.