“बाथरूममध्ये पाय घसरला” असं सांगू नका

बाथरूममध्ये पाय घसरला, जिन्यावरून पडले, दार लागलं. दवाखान्यात ही कारणं आम्ही नेहमी ऐकतो. पण घसरून पडल्यावर दंडावर बोटांचे वळ कसे उठतील? शेजारी नवरा किंवा सासू उभी असते, म्हणून तुम्ही बोलत नाही. “त्यांच्या घरातला मामला” म्हणून डॉक्टरही गप्प बसतो. माझ्या मते आधी चूक डॉक्टरची. सोबतच्यांना बाहेर बसवून त्याने विचारायलाच हवं.

त्याने विचारलं नाही, तर तुम्ही सांगा. “मला एकटीला बोलायचंय” एवढं म्हटलं तरी पुरे.

छळ म्हणजे फक्त मारहाण नव्हे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-मानसिक आणि आर्थिक असा सगळा छळ येतो. रोजची शिवीगाळ, मूल होत नाही म्हणून टोमणे, इच्छेविरुद्ध संबंध, पगार काढून घेणं, हेही त्यातच. सगळे रिपोर्ट नॉर्मल असूनही न थांबणारी डोकेदुखी, उडालेली झोप यांच्यामागे कधीकधी हेच कारण असतं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या शंभर जणींपैकी फक्त १४ जणींनी मदत मागितली. बाकीच्या का थांबल्या असतील? “घर मोडेल”, “मला बाहेर काढतील” ही भीती मोठी असते. म्हणून हे लक्षात ठेवा: घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं, तरी कायदेशीर मार्गाशिवाय तुम्हाला बाहेर काढता येत नाही. या कायद्याखाली न्यायालय संरक्षणाचा आणि खर्चाचा आदेश देऊ शकतं. तो आई, बहीण, विधवा भावजय यांनाही लागू आहे.

तक्रार केलेली नसली, तरी दवाखान्याला उपचार नाकारता येत नाहीत. जखमेचं खरं कारण केसपेपरवर लिहून घ्या. तपासणी अहवालाची प्रत विनामूल्य मिळते. ती घराबाहेर, विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. पुढे तोच पुरावा होतो.

मदत कुठे मिळेल?
• जिवाला धोका असेल तर ११२
• महिला हेल्पलाइन १८१
• जिल्ह्यातलं सखी वन स्टॉप सेंटर: तात्पुरता निवारा, समुपदेशन, वैद्यकीय आणि कायदेशीर मदत
• संरक्षण अधिकारी: तुमचा अर्ज न्यायालयापर्यंत पोहोचवतात
• जिल्हा विधी सेवा प्राधिकरण: स्त्रियांना वकील मोफत, उत्पन्नाची अट नाही

तुमचा मोबाइल कुणी तपासत असेल, तर शेजारणीच्या फोनवरून बोला.

मार खाणं हे कुणाचंही नशीब नसतं. पुढच्या वेळी दवाखान्यात आलात, की खरं कारण सांगा.