शोधयादीत न येणारे प्रश्न

वर्ष सरत आले की त्या वर्षी भारतीयांनी कशाचा शोध घेतला याची यादी गूगलकडून प्रसिद्ध होते आणि वृत्तपत्रांना व वाहिन्यांना दोन दिवसांची बेगमी होते. २०२० साली महामारीने देश घरात कोंडला असताना या यादीत पहिले स्थान आयपीएलला आणि दुसरे कोरोनाला मिळाले होते. २०२४ मध्येही अग्रस्थानी आयपीएलच होते. यावरून समाजाच्या अभिरुचीबद्दल उसासे टाकणाऱ्यांची वाण कधीच नसते. परंतु ही यादी नेमके काय मोजते, हा प्रश्न त्याआधी विचारावयास हवा.

ही यादी म्हणजे सर्व शोधांची बेरीज नव्हे. मागील वर्षाच्या तुलनेत ज्या शब्दांच्या शोधात मोठी उसळी आली आणि काही काळ टिकली, तेच शब्द तिच्यात येतात. २००६ पासून उपलब्ध असलेले 'गूगल ट्रेंड्स' हे साधनही प्रत्यक्ष संख्या देत नाही. एकूण शोधांत एखाद्या शब्दाचा वाटा किती, हे नमुन्यावरून काढून त्याचा उच्चांक शंभर मानला जातो व बाकीचे आकडे त्या प्रमाणात मांडले जातात. महागाईचा दर घटला म्हणजे भाव उतरले असे नव्हे, हे बारावीच्या वर्गात शिकविले जाते. उसळी आणि पातळी यांतील तोच भेद येथे विसरला जातो.

धाराशिव जिल्ह्याकडे पाहिले म्हणजे हा भेद पुरता ध्यानी येतो. काढणीच्या हंगामात येथील शेतकऱ्याचा, अथवा त्याच्या वतीने फोन पाहणाऱ्या मुलाचा, रोजचा प्रश्न एकच असतो: आज लातूरला सोयाबीन काय भावाने गेले? २०२४-२५ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि खुल्या बाजारातील भाव त्याखाली रेंगाळत होता. खरेदी केंद्रावर ओलाव्याची मर्यादा १२ टक्के. ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल होण्यास नोव्हेंबर उजाडला. तोवर गरजवंतांनी माल आडतीवर घातलाही होता. हा प्रश्न दरवर्षी त्याच दिवसांत, तितक्याच निकडीने विचारला जातो. आणि म्हणूनच त्याला उसळी नसते. जी चिंता कायमची आहे, ती या यादीच्या दृष्टीने बातमीच नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. प्रत्येक शोधामागे कुतूहल असते, हे गृहीतच चुकीचे आहे. पीकविम्याची रक्कम कधी जमा होणार, ई-पीक पाहणीची मुदत वाढली काय, 'लाडक्या बहिणी'चा हप्ता का अडला, हे प्रश्न जिज्ञासेचे नव्हेत. कार्यालयाच्या खिडकीवर उत्तर न मिळालेल्या माणसाची ती तक्रार आहे. तहसीलबाहेरची रांग फोनच्या पडद्यावर आली एवढेच. कुणबी नोंदींचेही तसेच. सप्टेंबर २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटविषयीचा शासननिर्णय निघाला आणि मराठवाड्यातील घराघरांत पणजोबांच्या नोंदीचा शोध सुरू झाला. मात्र ज्या मोडी व उर्दू दप्तरांत ती नोंद असेल ती कागदपत्रे चाळण्यावाचून गत्यंतर नाही. यंत्र प्रश्न मोजू शकते; उत्तर दप्तरखान्यात असते.

या जिल्ह्याच्या बाबतीत तर गणनेला आणखी एक गमतीदार अडचण आहे. केंद्राने फेब्रुवारी २०२३ मध्ये नामांतरास संमती दिली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. तरी जुन्या दाखल्यांवर, सातबाऱ्यावर आणि लोकांच्या तोंडी उस्मानाबाद राहणारच. एकाच गावची माहिती कोणी या नावाने शोधतो, कोणी त्या. ही दोन नावे वेगवेगळी मोजणाऱ्याला जिल्हा अर्धाच दिसेल.

शोधसंख्येवरून समाजाची नाडी पाहण्याचा मोठा प्रयोग खुद्द गूगलनेच केला होता. २००८ मध्ये सुरू झालेला 'फ्लू ट्रेंड्स' हा उपक्रम तापाच्या साथीचा अंदाज शोधांवरून बांधत असे. २०१२-१३ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील साथीचा त्याचा अंदाज प्रत्यक्षाहून फारच फुगला आणि २०१५ मध्ये तो बंद झाला. साथीच्या बातम्या वाचून निरोगी माणसेही शोध घेऊ लागली, हे त्याचे एक कारण सांगितले जाते. याचा अर्थ ही साधने निरुपयोगी आहेत असा मुळीच नव्हे. हॅल व्हेरियन यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी मोटारविक्री, बेकारी यांच्या नजीकच्या अंदाजांना त्यांची जोड उपयुक्त ठरते, हे दाखविले आहे. जोड म्हणून ती चालतात. कौल म्हणून नव्हे.

कारण बाजार ज्याप्रमाणे गरज मोजत नाही, खिशात पैसा असलेल्याची मागणी मोजतो, त्याप्रमाणे शोधयादी हाती चालता फोन असलेल्याचाच प्रश्न मोजते. सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने परंडा व भूम तालुक्यांत हाहाकार उडविला, माणसे छतांवर अडकली, सुटकेसाठी हेलिकॉप्टर मागवावे लागले. पाण्याने वेढलेल्या वस्तीत वीज नसते, फोन उतरलेला असतो. त्या रात्री पुराचा शोध घेणारे बहुतांशी पुण्या-मुंबईत नोकरी करणारे गावकऱ्यांचे मुलगे असणार. संकटाच्या ऐन घटकेस तेथील मौन हीच खरी माहिती होती, आणि मौनाची यादी कोणी करीत नाही.

तेव्हा प्रशासनाला लोकांचे प्रश्न जाणून घ्यावयाचे असतील, तर तहसीलच्या खिडकीवर आणि सेतू केंद्रावर दिवसभरात कोणी काय विचारले याची साधी नोंदवही ठेवणे स्वस्त पडेल. पीकविम्याची यादी नाव, गट क्रमांक व रकमेसह ग्रामपंचायतीच्या फलकावर वेळेत लागली, तर त्या गावापुरता 'पीकविमा यादी' या शब्दांचा शोध आपोआप ओसरेल.