काठी, कुत्रे आणि नगरपंचायत

रमजानमध्ये रेणापूरची पहाट लवकर जागी होते. सहेरी आटोपून फजरच्या नमाजला निघालेला माणूस गल्लीतल्या कुत्र्यांच्या धास्तीने हातात काठी घेतो. पहाटेची एसटी गाठणारे, दूध घालणारे, शिकवणीला जाणारी मुले यांचीही तीच गत. मग मागणी होते : नगरपंचायतीने कुत्री पकडावीत आणि लांब नेऊन सोडावीत.

भीती खरी आहे, मागणी चुकीची आहे. दुसऱ्या शिवारात सोडलेले कुत्रे तिथल्या लोकांना चावते आणि इथल्या रिकाम्या जागेवर नवी कुत्री येतात. शिवाय हे नियमबाह्य. केंद्राच्या 2023 च्या नियमांनुसार कुत्र्याची नसबंदी करून, रेबीजची लस टोचून त्याला मूळ जागीच सोडायचे असते आणि ही जबाबदारी स्थानिक संस्थेची असते. सर्वोच्च न्यायालयानेही 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात हेच सांगितले. पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री तेवढी वगळली. पुढे 7 नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बसस्थानकांच्या आवारातली कुत्री निवारागृहात ठेवण्याचा आदेश झाला.

लहान नगरपंचायतीकडे ना पशुवैद्यक, ना शस्त्रक्रियेची सोय. पण याच जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला महापालिका आहे. शेजारच्या नगरपंचायतींना सोबत घेऊन त्यांची मदत मागता येते. मागायला मात्र कुणीतरी उठले पाहिजे.

‘कुत्रा नापाक’ असे मोहल्ल्यात सहज म्हटले जाते. लाळ लागली तर धुवावे, हा पाकीचा मसला झाला. दगड मारण्याची परवानगी त्यात कुठे आहे? बुखारी शरीफमधल्या हदीसमध्ये तहानेने ओली माती चाटणारे कुत्रे पाहून एक वाटसरू विहिरीत उतरतो, चामडी मोज्यात पाणी भरून त्याला पाजतो आणि अल्लाह त्याचे गुन्हे माफ करतो. रोजेदाराला ही तहान समजावून सांगावी लागत नाही.

राहिला उकिरडा. इफ्तारची हाडे असोत की लग्नाच्या पत्रावळी, रस्त्याच्या कडेला टाकल्या की टोळी तिथेच जमते. मटण-चिकनच्या दुकानांचा कचरा रोज उचलला जावा, ही मागणी खरे तर दुकानदारांनीच आधी करावी.

ईदपूर्वी निवेदन द्यायचेच तर मशिदीत जाणाऱ्यांनी आणि रेणुकादेवीच्या भाविकांनी एकाच कागदावर सह्या कराव्यात. त्यात चार गोष्टी मागाव्यात : नसबंदी व लसीकरणाची तारीख, घंटागाडीची ठरलेली वेळ, कुत्र्यांना खाऊ घालण्याची नेमून दिलेली जागा, आणि उन्हाळाभर मुक्या जनावरांसाठी भरलेला हौद.