सलीमने किती वेळा सिद्ध करायचं?

आपल्यात सिनेमाचा विषय निघाला की दोन याद्या पुढे येतात. एक, मुसलमानांना बदनाम करणाऱ्या चित्रपटांची. दुसरी, मुसलमान ‘चांगला’ दाखवणाऱ्या चित्रपटांची. पहिलीवर बहिष्कार, दुसरीचं फॉरवर्ड. माझं भांडण दुसऱ्या यादीशी आहे. तिच्यात ‘सरफरोश’ हटकून असतो, आणि भाड्याच्या सीडीवर पाहिलेल्या सगळ्या चित्रपटांत माझा सर्वांत नावडता तोच आहे.

आम्ही महाडचे. घरातल्या बायका थिएटरला जात नसत, म्हणून थिएटर घरी यायचं. कुवेतच्या चाचांनी पाठवलेला प्लेअर, दिवसाला दहा रुपये भाड्याच्या दोन सीड्या, आणि ऐन मारामारीत अडकणारी दुसरी सीडी. ती बनियनला पुसून पुन्हा घालायची, चालली तर चालली. ‘गदर’ (2001) असाच पाहिला. तो नावडायला अक्कल लागत नाही. समोरचा आपल्यावर ओरडतोय हे शाळकरी पोरालाही कळतं. ‘सरफरोश’ (1999) मात्र प्रेमाने जवळ घेतो. आमच्या घरात त्याला टाळ्या पडल्या होत्या.

त्यात इन्स्पेक्टर सलीम आहे, मुकेश ऋषीने केलेला. त्याला तपासातून बाजूला काढतात. नावामुळे काढलं, असं त्याला वाटतं आणि ते त्याच्या जिव्हारी लागतं. तरीही तो स्वतःच्या खबऱ्यांकडून माहिती काढून आणून देतो, आणि मग त्याला पुन्हा मिठीत घेतलं जातं. दुसऱ्या टोकाला नसीरुद्दीन शाहचा गझल गाणारा पाहुणा, जो हत्यारांचा सूत्रधार निघतो. म्हणजे गाणारा मुसलमान संशयित, आणि खबर आणणारा मुसलमान आपला. सलीमला जागा मिळते ती कामगिरीच्या बदल्यात. खबर मिळालीच नसती तर? चित्रपट हा प्रश्न विचारत नाही आणि आपली यादीही विचारत नाही.

माझ्या धंद्यात एकदा लॉगिन झालेल्या माणसाला दर क्लिकला पासवर्ड विचारला गेला तर आम्ही ‘किती सुरक्षित सिस्टिम’ म्हणून टाळ्या वाजवत नाही. बग म्हणतो आणि दुरुस्त करतो.

दुसरा सलीम मला पुण्यात हॉस्टेलवर असताना भेटला, तोही भाड्याच्याच डिस्कवर. एम. एस. सथ्यू यांचा ‘गर्म हवा’, 1973 साली तयार झालेला. आग्र्याचा बुटांचा कारखानदार सलीम मिर्झा, म्हणजे बलराज साहनी. फाळणीनंतर भाऊ पाकिस्तानात जातो, घर जातं, कर्ज मिळत नाही, हेरगिरीचा आळ येतो. कोर्ट सोडतं, पण लोकांच्या नजरा सोडत नाहीत. शेवटी तोही निघतो, टांग्यात बसून स्टेशनकडे. वाटेत मोर्चा लागतो. बेकार पोरगा त्यात शिरतो, आणि मग बापही टांगा परत पाठवून त्याच गर्दीत मिसळतो. हा सलीम कुणाला खबर आणून देत नाही, छातीवर हात ठेवून देशप्रेम सांगत नाही. तो हक्क मागणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहतो, बस्स.

महाडच्या माणसाला हे नवीन वाटू नये. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांच्या मागून लोक चवदार तळ्यावर गेले, तेव्हा आधी आपण किती स्वच्छ, किती सज्जन हे कुणी सिद्ध करत बसलं नाही. 1923 चा बोले ठराव होता, 1924 चा महाड नगरपालिकेचा ठराव होता. हक्क कागदावर होता. तो वापरायला ते गेले. मार खाल्ला, पंचगव्य ओतून तळं ‘शुद्ध’ केलेलं पाहिलं, आणि 17 मार्च 1937 ला हायकोर्टाचा निकाल येईपर्यंत दहा वर्षं लढले.

त्या तळ्यावर मुसलमानांना मनाई नव्हती, हे आपण विसरतो. आपण आत होतो, ते बाहेर होते. हल्ला झाला तेव्हा मार खाणाऱ्यांपैकी काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. डिसेंबरच्या परिषदेला गावात कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमानाने आपली जागा दिली. मनुस्मृती जाळली गेली ती त्या परिषदेत. फत्तेखानावर चित्रपट नाही. असता तर तो दुसऱ्या यादीत बसलाच नसता, कारण त्यात कुणी त्याची परीक्षा घेतली नसती.

माझा सर्वांत आवडता चित्रपट याच्याच शेजारचा आहे: जब्बार पटेल यांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’. मूळ इंग्रजी, आम्ही हिंदीत पाहिला. पंढरपुरात जन्मलेला मराठी मुसलमान दिग्दर्शक, बाबासाहेबांच्या भूमिकेत मामूट्टी, आणि त्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार. पडद्यावर आपलं तळं दिसलं तेव्हा आजी चुलीवरचं टाकून बाहेर आली होती. या चित्रपटात एकही ‘चांगला मुसलमान’ नसता तरी मला चाललं असतं. तो करणाऱ्यांनी कुणाकडून दाखला मागितला नाही.

म्हणून दोस्तांनो, ‘आम्हाला चांगलं दाखवा’ ही मागणी सोडा. चांगलं दाखवा म्हटलं की चांगलं म्हणजे काय ते समोरचा ठरवणार, आणि दर पाच वर्षांनी पेपर अवघड करणार. पडद्यावर आळशी मुसलमान असू दे, कंजूस असू दे, नमाज चुकवणारा असू दे, पोलादपूरच्या एसटीत जागेसाठी अस्सल कोकणीत भांडणारा असू दे. आणि पाणी त्यालाही मिळू दे.

‘मग लोकांचा गैरसमज कसा दूर होणार?’ असं विचाराल. सलीमने खबर आणून दिली त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली. गैरसमज किती कमी झाला ते भाड्याचं घर शोधताना बघा. मला पुण्यात तीन ठिकाणी नाव सांगितल्यावर ‘नुकतंच दिलं’ असं उत्तर मिळालं. त्यातल्या एका घरमालकाने तर गप्पांत आधीच सांगून टाकलं होतं, ‘सरफरोश’ त्याचाही फार आवडता.

महाडात कुणी पडदा लावणार असेल तर ‘सरफरोश’ आणि ‘गर्म हवा’ एकाच दिवशी, पाठोपाठ दाखवा. भांडायला मी पुण्याहून येतो.