‘वृक्षविशेष’ आणि वसंत

संस्कृत शिकविणाऱ्या मास्तरांच्या पोतडींत एक फार सोयीचा शब्द असतो. तो म्हणजे ‘वृक्षविशेष’. श्लोकांत झाडाचें नांव आलें आणि विद्यार्थ्यानें अर्थ विचारला, कीं टीकाकारांचें अनुकरण करून ‘वृक्षविशेषः’ म्हणावें आणि समासाच्या विग्रहाकडे वळावें. हा शब्द मीं पस्तीस वर्षें वापरला. किंशुक म्हणजे वृक्षविशेष, शाल्मली म्हणजे वृक्षविशेष, पारिभद्र म्हणजेही वृक्षविशेषच. कोशांत पळस, सांवर, पांगारा हे पर्याय दिलेले असत. तेही मी मुलांना उतरवून देत असें. परंतु त्या शब्दांमागें कोठेंतरी खरेंखुरें झाड उभें असेल आणि तें जाऊन पाहावें, असें मला कधीं वाटलें नाहीं.

एकदां माघ महिन्यांत वसंतवर्णनाचा पाठ चालू असतां, जवळच्या खेड्यांतून पायीं येणाऱ्या एका मुलानें दप्तरांतून एक टपोरें लाल फूल काढून माझ्या टेबलावर ठेवलें. “गुरुजी, हीच का शाल्मली? आमच्या बांधावर फुलली आहे,” असें त्यानें विचारलें. तें फूल कशाचें, हें मला ठाऊक नव्हतें. तसें कबूल करण्याऐवजीं ‘वर्गांत पालापाचोळा आणूं नये’ असें बजावून मीं तें खिडकीबाहेर टाकावयास लावलें. मुलगा मुकाट्यानें जागेवर जाऊन बसला. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत त्यानें मला कांहीं विचारलें नाहीं. त्या दिवशीं मी सुटलों असें मला वाटलें होतें.

निवृत्तीनंतर डॉक्टरांच्या आज्ञेवरून मी रोज सकाळीं फिरावयास जाऊं लागलों. पुण्याच्या पश्चिमेस वेताळ टेकडी आहे. शहरांतील ती सर्वांत उंच टेकडी. तिच्या उतारावर पहिल्याच माघांत एका पर्णहीन झाडाखालीं मी थबकलों. जमिनीवर तींच टपोरीं लाल फुलें विखुरलीं होतीं. जवळच शेळ्या राखीत असलेल्या एका बाईला मीं झाडाचें नांव विचारलें. “सावर हाय की, काटेसावर,” ती सहज म्हणाली. साठीच्या उंबरठ्यावर मला शाल्मलीचें दर्शन झालें, आणि तें घडविणाऱ्या बाईनें अमरकोशाचें पानही उलटलेलें नव्हतें.

तेव्हांपासून दर माघ-फाल्गुनांत मी आणि माझी नऊ वर्षांची नात, दोघें मिळून वसंताच्या खुणा शोधीत हिंडतों. ज्यांच्या घरीं मुलें आहेत आणि गांवाजवळ एखादी टेकडी किंवा तळें आहे, त्यांच्या उपयोगासाठीं या खुणा येथें क्रमानें देतों.

पहिला मान आंब्याच्या मोहराचा. परंतु तो पौषांतही दिसतो, म्हणून त्यावर एकट्यावर विसंबूं नये. खरी वर्दी सांवर देते. जानेवारीच्या अखेरीस तिचीं पानें गळालेलीं असतात आणि आडव्या फांद्यांवर पांच जाड पाकळ्यांचीं फुलें उमलूं लागतात. कोवळ्या खोडावरील शंकूसारखे कांटे ही तिची ओळख. फुलांत मध विपुल असल्यामुळें मैना, कावळे, भोरड्या, खारी यांची तेथें सकाळपासून पंगत बसते. तिच्या मागोमाग पांगारा आणि पळस. पळसाची कळी मुलांना अवश्य हातांत द्यावी. काळपट, मखमली वेष्टनांतून बाहेर येणारी ती केशरी कळी बांकदार असते. ‘कुमारसंभवा’च्या तिसऱ्या सर्गांत कालिदासानें तिला बालचंद्राची उपमा दिली आहे. ती उपमा मीं इतकीं वर्षें शिकविली, अलंकाराचें नांव सांगितलें, परीक्षेंत त्यावर गुणही दिले. आणि कळी हातांत घेतली तेव्हां प्रथमच कळलें कीं कवीनें जें पाहिलें होतें तेंच लिहिलें होतें.

येथें एक सावधगिरीची सूचना. टेकडीवर याच सुमारास फिक्या गुलाबी फुलांनीं डंवरलेलीं पुष्कळ झाडें दिसतात. तें गिरिपुष्प. तें मूळचें मध्य अमेरिकेकडील असून वनीकरणासाठीं आपल्याकडे लावण्यांत आलें. त्याच्या विषारीपणामुळें त्याला उंदीरमारी असेंही म्हणतात. तें सुंदर दिसतें हें खरें. परंतु कालिदासानें तें पाहिलेलें नाहीं.

पानें नसतांना हीं झाडें फुलतात कशीं, असा प्रश्न माझ्या नातीनें विचारला. या वेळीं मीं ‘वृक्षविशेष’ म्हटलें नाहीं; वनस्पतिशास्त्राचें पुस्तक उघडलें. पावसाळा सरल्यावर जमिनींतील ओल घटूं लागते. पानांवाटे पाण्याची वाफ होत राहते, म्हणून झाड पानांचा खर्च आधीं कमी करतें. पानांचा आडोसा नाहींसा झाल्यामुळें लाल-केशरी फुलें पक्ष्यांना दुरूनही दिसतात, आणि मध पिण्यास येणाऱ्या पक्ष्यांकडून परागांची ने-आण होते. पुढें एप्रिल-मे महिन्यांत सांवरीचीं बोंडें फुटतात, कापसासह बी वाऱ्यावर उडतें आणि पहिला पाऊस येण्यापूर्वीं जमिनीवर जाऊन पडतें. ज्याला आपण झाडाचा शृंगार म्हणतों, ती त्याची पावसाळ्याची पूर्वतयारी असते.

डोळ्यांप्रमाणें कानांनाही काम आहे. तांबट हा चिमणीहून थोडा मोठा, हिरवा, कपाळावर तांबडा टिळा असलेला पक्षी. थंडींत तो बहुधा गप्प असतो. ऊन तापूं लागलें म्हणजे ‘टुक् टुक् टुक्’ असा तांब्याचें भांडें ठोकल्यासारखा त्याचा नाद सुरू होतो. तो ओरडतांना मान इकडेतिकडे वळवितो, त्यामुळें आवाज दर वेळीं निराळ्या दिशेनें आल्याचा भास होतो. त्याला शोधून काढण्यांत मुलांचा अर्धा तास आनंदांत जातो. त्यानंतर दयाळाची पहांटेची शीळ आणि मग कोकिळाची साद. गाणारा तो नर, काळाभोर. मादी तपकिरी, ठिपकेदार, आणि तिचा आवाज केवळ ‘किक् किक्’ असा कर्कश. कवितांतून ‘गाते कोकिळा’ असें शिकविणाऱ्या आम्हां शिक्षकांनीं हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

टेकडीवर वसंत येतो, तर तळ्यावर तो निरोप घेतो. पाषाणचा तलाव रामनदीला बांध घालून इंग्रजी अमदानींत केलेला आहे. थापट्या, तलवार बदक वगैरे उत्तरेकडील पाहुणे हिवाळ्याच्या आरंभीं अशा पाणथळीं उतरतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परत जातात. पिवळ्या धोब्याकडे नीट पाहावें. हिवाळाभर मळकट दिसणारा हा पक्षी जाण्यापूर्वीं पोटाखालीं हळदीसारखा पिवळा होतो. मग एके सकाळीं पाण्यावर केवळ आपलें नेहमींचें हळदी-कुंकू बदक उरतें. त्याच्या चोंचीवर पिवळ्या टोंकापासून तांबड्या ठिपक्यांपर्यंत नांवाप्रमाणें दोन्ही रंग असतात, आणि तें बारमाही येथेंच राहतें. ज्यांना चक्रवाक पाहावयाचा आहे त्यांनीं हिवाळ्यांत सोलापूरच्या वाटेवर भिगवणला, उजनीच्या जलाशयाकांठीं जावें. त्याचाही अर्थ मीं आजवर ‘पक्षिविशेष’ असाच सांगत आलों होतों. विरहाचें तें प्रतीक उन्हाळ्यांत लडाख-तिबेटाकडे जाऊन तेथें संसार थाटतें.

पाषाणच्या तलावावर मात्र पूर्वीं जेवढे पाहुणे येत तेवढे आतां येत नाहींत. सांडपाणी आणि त्यावर पोसलेली, मूळची दक्षिण अमेरिकेंतील जलपर्णी पाण्याचा पृष्ठभाग व्यापते. मोकळें पाणी नसेल तेथें बदकानें उतरावें कोठें? नातीनें विचारलें, “आजोबा, तुम्ही लहान असतांना येथें किती बदकें येत होतीं?” मला सांगतां आलें नाहीं. तरुणपणीं मी या कांठावरून शेंकडों वेळां गेलों असेन. पण पाहिलें नाहीं, म्हणून मोजलें नाहीं, आणि मोजलें नाहीं म्हणून किती गमावलें हेंही आज सांगूं शकत नाहीं. अज्ञानाची ही किंमत मला विद्यार्थ्याच्या त्या फुलाइतकीच जड वाटते.

वसंताची नेमकी तारीख कोणती, असा प्रश्न आपल्या घरांतून नेहमीं निघतो. मधु आणि माधव हे वसंताचे दोन मास असें तैत्तिरीय संहिता सांगते. चैत्र-वैशाख म्हणजे वसंत असें आपण पाठ करतों. आणि वसंतपंचमी तर माघांत येते. झाडानें यांपैकीं कोणाचें ऐकावें? वसंतपंचमी २०२३ सालीं २६ जानेवारीस, २०२४ सालीं १४ फेब्रुवारीस आणि २०२६ सालीं २३ जानेवारीस आली. तिथि चंद्राची, म्हणून ती तीन आठवडे पुढें-मागें होते. आमच्या नोंदींत सांवरीचें पहिलें फूल मात्र जानेवारीच्या शेवटच्या आठवड्याच्या आगेंमागेंच येतें. झाड सूर्याला ओळखतें. पुण्यास डिसेंबरच्या अखेरीस दिनमान सुमारें ११ तासांचें असतें. २१ मार्चच्या सुमारास तें १२ तासांहून किंचित् अधिक होतें. ही वाढ आणि हवेंतील उष्णता, हेंच झाडाचें पंचांग.

शिवाय संपातबिंदु स्थिर नाहीं. तो सुमारें ७२ वर्षांत एक अंश मागें सरकतो. त्यामुळें वसंतसंपात २०-२१ मार्चला होत असतां आपली निरयन मेषसंक्रांति १४ एप्रिलच्या सुमारास येते. याच संपातचलनाच्या आधारें लोकमान्य टिळकांनीं १८९३ मध्यें ‘ओरायन’ ग्रंथांत वेदकाळाचा निर्णय करण्याचा प्रयत्न केला. पुढें मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें सुचविलेलें राष्ट्रीय पंचांग २२ मार्च १९५७ पासून अमलांत आलें. त्यांत फाल्गुन व चैत्र हे वसंताचे मास धरले आहेत. पाडव्याच्या गुढीला आणि कडुनिंबाच्या मोहराला यानें कांहीं बाध येत नाहीं. आचार तिथीनें पाळावा आणि निसर्ग तारखेनें नोंदवावा, म्हणजे दोहोंचा मान राहतो.

म्हणून माझी सूचना अशी कीं प्रत्येक घरांत एक ऋतूंची वही असावी. खर्च एका साध्या वहीचा. तींत चार रकाने आंखावे: तारीख, तिथि, ठिकाण आणि काय पाहिलें. पहिलें सांवरीचें फूल, तांबटाची पहिली हांक, कोकिळाचा पहिला सूर, पिंपळाची पहिली तांबूस पालवी, तळ्यावरचें शेवटचें पाहुणें बदक, एवढ्या पांच नोंदी पुरेत. जें स्वतः पाहिलें-ऐकलें तेवढेंच लिहावें. ओळख पटली नसेल तर तसें स्पष्ट लिहावें. आजीला फुलांचीं नांवें येतात, काकांना पहांटे जाग येते, मुलांचे कान तिखट असतात. एकत्र कुटुंबांत हें काम फार चांगलें वांटून घेतां येतें. दहा वर्षांनीं ती वही कोणत्याही ग्रंथांत नसलेली माहिती देईल, आणि तळ्यावर पूर्वीं काय होतें हें विचारणाऱ्या नातवंडांपुढें मान खालीं घालावी लागणार नाहीं.

आमच्या वहीच्या पहिल्या पानावर नातीनें सांवरीची एक पाकळी चिकटविली आहे. आतां ती वाळून काळसर झाली आहे. तिच्याखालीं मीं लिहिलें आहे, “होय, हीच शाल्मली.” तें उत्तर ज्याला द्यावयाचें होतें तो मुलगा आज कोठें आहे हें मला ठाऊक नाहीं, तोही आतां प्रौढ गृहस्थ असेल, आणि कदाचित् त्याच्याही घरीं हें मासिक येत असेल. तसें असल्यास त्यानें हें उत्तर उशिरां कां होईना, पण स्वीकारावें. इतर वाचकांना एवढीच विनंती, कीं या फाल्गुनांत एखादें मूल ओंजळींत फूल घेऊन आपल्याकडे आलें आणि आपल्याला त्याचें नांव येत नसलें, तर त्याला तसें सांगावें आणि चपला घालून त्याच्याबरोबर त्या झाडापर्यंत जावें.